आहे, पण नको!

यवतमाळच्या कुठल्याही कला, वाणिज्य किंवा विज्ञान महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पोराचं पदवी प्रमाणपत्र काढून पाहा. वर नाव दिसेल : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. ज्याच्या नावानं ही पदवी मिळते, तो माणूस कधी शाळेत गेला नव्हता. आणि ज्याच्या हातून लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच्या अंगावर धड एक अख्खं कापड नव्हतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील लवकर गेले आणि डेबूजी मामाच्या घरी दापुऱ्याला वाढला. हे दापुरे मूर्तिजापूर तालुक्यात येतं. यवतमाळहून सुटणारी आपली शकुंतला ज्या मूर्तिजापूरला पोचायची, तेच हे मूर्तिजापूर. १ फेब्रुवारी १९०५ला त्यांनी घर सोडलं ते कायमचं.

पुढची पन्नास वर्षं त्यांचं सामान किती होतं? चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, हातात खराटा आणि फुटक्या मडक्याचं एक खापर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. खापर तर फारच कामाचं. ऊन तापलं की टोपी, भाकर मिळाली की ताट, तहान लागली की पेला. याच गाडग्यावरून लोकांनी त्यांना नाव दिलं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई : जिथं गरीब माणूस उघड्यावर झोपतो असं दिसलं, तिथं बाबांनी धर्मशाळा उभी केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय केली. दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. यवतमाळ जिल्ह्यातून ‘टाटा’ला उपचारासाठी गेलेल्या घरांना विचारा, परक्या मुंबईत त्या खोलीचं मोल काय असतं ते सांगतील. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बांधायची, सोपवायची, पुढच्या गावाला निघायचं, अशी त्यांची रीत. घरच्यांनाही त्यांनी या इमारतींपासून लांबच ठेवलं. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच त्यांनी देह ठेवला.

कीर्तनातला त्यांचा हट्ट मला त्यांच्या धर्मशाळांहून मोठा वाटतो. ते सांगायचे : कर्ज काढून लग्न करू नका, घरातली भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. त्यांच्या साधेपणाला काम होतं. एका जागचा पैसा वाचवून तो दुसऱ्या, जास्त गरजेच्या जागी लावायचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट

यवतमाळमध्ये बसून साधेपणाचे गोडवे गाताना जीभ जपून वापरावी लागते. या जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं ते कापसासाठी आणि त्याच कापसानं बुडवलेल्या कास्तकारांसाठी. ११ जानेवारी २०१९ला यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर एकटीनं संसार ओढणाऱ्या या बाईंनी हजारो लोकांपुढे मागे राहिलेल्या बायांचं जगणं मांडलं. त्या जगण्याला कुणी ‘साधी राहणी’ म्हटलं, तर ते म्हणणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

कोलामांचंही तेच. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, आणि यवतमाळ जिल्ह्यात असे पोड बरेच आहेत. बांबूच्या तट्ट्याला माती लिंपून उभं केलेलं घर पाहायला आलेल्या शहरी माणसाला फार सुंदर वाटतं. सुंदर ते असतंही. पण पोडापर्यंत रस्ता नसणं, दवाखाना लांब असणं, ही काही त्यांनी केलेली निवड नाही.

म्हणून या लेखात भेटतील ती माणसं, ज्यांच्यापुढे ताट वाढलेलं होतं आणि ज्यांनी त्यातलं थोडंच उचललं.

देवळी ओलांडली की

यवतमाळहून कळंब, देवळी करत वर्ध्याला जा. या एका वाटेवर ‘आहे, पण नको’ म्हणणाऱ्यांची अशी दाटी आहे की देशात दुसरीकडे सापडणं कठीण.

जमनालाल बजाज यांच्यापासून सुरुवात करू. राजस्थानात सीकरजवळ ४ नोव्हेंबर १८८९ला जन्म, आणि लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घरी दत्तक. सतराव्या वर्षी एका लग्नाला निघताना आजोबांनी दागिने घालायला सांगितलं. पोरानं नकार दिला. आजोबा चिडले, पैशावरून टाकून बोलले. पोरानं कागद घेतला आणि लिहून दिलं : तुमच्या संपत्तीतलं मला काही नको. आणि घर सोडून निघाला! आजोबांचा राग उतरला, समजूत काढून त्याला परत आणलं. आज ज्या नावाच्या दुचाक्या गावोगाव दिसतात, त्या घराण्याचा पाया घालणाऱ्याची ही पहिली मोठी कृती. कमावण्याआधीच सोडून दिलं.

पुढे त्यांनी रायबहादुरी परत केली. १९२८मध्ये वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. गांधीजींना वर्ध्याला येऊन राहायला लावलं, ते त्यांनीच. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी ऐन तारुण्यात अंगावरचं सोनं उतरवलं आणि खादी नेसली. मारवाडी शेठाच्या घरातल्या सुनेनं त्या काळात सोन्याशिवाय चारचौघांत जायचं, याला केवढी छाती लागली असेल! भूदानाच्या काळात त्या विहिरींसाठी दान मागत हिंडल्या. १९५६मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि जमनालालजी? शेवटचे महिने वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून गाईंची सेवा करत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ला गेले, तेव्हा वय अवघं ५२.

आता सेवाग्राम. गांधीजी १९३६मध्ये तिथं, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला गेले. घरासाठी त्यांची अट होती : साहित्य जवळपासचं, मजूर गावचे आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. बापूकुटीत गेलात तर घाई करू नका. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, खाली सारवलेली जमीन, चटई. भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेला चरखा आणि ताडाची झाडं. आणि याच आवारात टेलिफोनची खोली! दिल्लीच्या व्हाइसरॉयला या सारवलेल्या अंगणाशी बोलायची गरज पडायची, म्हणून तार तिथवर आली. मे महिन्यातल्या वैदर्भी उन्हातून त्या कुटीत पाऊल टाकल्यावर जो गारवा लागतो, तो सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. साधं घर म्हणजे गैरसोयीचं घर, हा समज तिथं पहिल्या मिनिटाला गळून पडतो.

तिथून जवळच पवनार. विनोबांची गोष्ट आगगाडीत सुरू होते. १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा हुशार मुलगा सुरतला उतरला आणि काशीला गेला. त्याआधीच त्यानं आपली प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत घातली होती. १९५०मध्ये पवनारला त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग मांडला. आश्रमात पैसा नको, पिकवू ते खाऊ. बैलही नकोत. विहिरीचा रहाट माणसांनीच गोल फिरत ओढायचा. याला त्यांनी ऋषिशेती नाव दिलं. हा प्रयोग जगभर पसरला नाही, सर्वांना झेपणाराही नव्हता. पण पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९५१ला, तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. स्वतःजवळ काही न ठेवणारा हा माणूस जमीनदाराच्या ओसरीवर बसून जमीन मागू लागला आणि लोकांनी ती दिली. मागणाऱ्याचे हात रिकामे आहेत, याची खात्री असल्याशिवाय एकरच्या एकर जमीन कोण देतं?

वर्ध्याचाच आणखी एक किस्सा. ठाकूरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक अमेरिकेला शिकायला निघाले होते. निघण्यापूर्वी गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. गांधीजींनी एवढंच सुचवलं की अर्थशास्त्र शिकायचं असेल तर खेड्यात जावं. बंग अमेरिकेला न जाता खेड्यात गेले. त्यांचा मुलगा अभय आणि सून राणी अमेरिकेत जाऊन शिकले, जॉन्स हॉपकिन्समध्ये, आणि परत येऊन १९८६पासून गडचिरोलीत राहिले. नवजात बाळाची काळजी त्याच्या घरीच कशी घ्यायची, हे त्यांनी गावातल्या बायांना शिकवलं. ती पद्धत आज देशभर वापरात आहे.

वणीकडे वळू

वणी हे लोकनायक बापूजी अण्यांचं जन्मगाव. जन्म २९ ऑगस्ट १८८०. यवतमाळात वकिली केली, १९३०च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रहात राखीव रानातलं गवत कापून तुरुंग पत्करला. १९४१मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तेव्हा हिंदी माणसाला मिळू शकणाऱ्या सगळ्यात उंच खुर्च्यांपैकी ही एक. फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींचं उपोषण सुरू झालं, सरकार हलेना, आणि अण्यांनी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. पुढे बिहारचे राज्यपालही झाले. पण म्हातारपणी जीव रमला तो टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहिण्यात. त्याला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते.

वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. इथली कहाणी सिनेमासारखी आहे, आणि तिच्या नायकाला सिनेमाचा नादही भारी. हिंगणघाटच्या जहागीरदाराचा मुलगा, जन्म २६ डिसेंबर १९१४. तरुणपणी दिमतीला स्पोर्ट्स कार, तिच्या आसनांवर बिबट्याचं कातडं. हातात बंदूक. इंग्रजी मासिकात चित्रपटांची परीक्षणं लिहायचा, आणि हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बोशी त्याचा पत्रव्यवहार होता! हाच मुरलीधर आमटे पुढे वरोऱ्याचा उपनगराध्यक्ष असताना डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन फिरला. भंग्याचं काम काय असतं ते करून पाहिल्याशिवाय त्याच्या मजुरीवर बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच दिवसांत गटारीच्या कडेला कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम दिसला, आणि जहागिरीचा उरलासुरला पाश तुटला. आनंदवन सुरू झालं ते सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर.

त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे १९७३च्या डिसेंबरात हेमलकसाला गेले. भोवतालच्या माडियांच्या अंगावर कपडा नाही, मग आपण सुटाबुटात कसं हिंडायचं? तेव्हापासून बनियन आणि अर्धी चड्डी हाच वेष. मोठमोठ्या समारंभांनाही ते तसेच जातात. २००८मध्ये त्यांना आणि डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

थोडं लांबून

खानदेशातल्या अमळनेरच्या भाग्याची गोष्ट. १९४५मध्ये तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९६६मध्ये मालक वारले आणि त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून कारभार पाहायला आला. मुलाचं नाव अझीम प्रेमजी, कंपनीचं पुढचं नाव विप्रो. अमळनेरच्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी त्या काळी थोडेथोडे शेअर घेऊन ठेवले होते. त्यांतले कित्येक कोट्यधीश झाले, आणि त्यांतल्या अनेकांनी जुनं घर, जुनी दुकानदारी, जुना दिनक्रम तसाच ठेवला. खुद्द प्रेमजी विमानात स्वस्तातल्या आसनावर बसण्यासाठी प्रसिद्ध. २०१९पर्यंत विप्रोतल्या मालकीचा सुमारे ६७ टक्के आर्थिक लाभ त्यांनी शिक्षणाच्या आणि समाजाच्या कामाला देऊन टाकला होता.

आणि दक्षिण अमेरिकेतला उरुग्वे. तिथले राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका २०१० ते २०१५ या काळात सरकारी महाल सोडून शहराबाहेरच्या आपल्या जुन्या शेतघरातच राहिले. फुलांची शेती, १९८७ची फोक्सवॅगन बीटल, आणि पगाराचा जवळजवळ ९० टक्के वाटा दान. जग त्यांना सर्वांत गरीब राष्ट्राध्यक्ष म्हणायचं. त्यांना ते मान्य नव्हतं. ज्याला सतत आणखी हवं असतं तो गरीब, असं ते सांगायचे. वऱ्हाडातल्या कुठल्याही कीर्तनात ते सहज शोभले असते.

वावरातला साधेपणा

यवतमाळजवळच्या तिवसा गावचे सुभाष शर्मा यांना २०२५मध्ये शेतीसाठी पद्मश्री मिळाली. त्यांनीही आधी रासायनिक शेती केली, भरभरून पिकवलं, मग उत्पन्न घसरत आणि खर्च चढत गेला. १९९४च्या सुमारास त्यांनी वाट बदलली. सूत्र सोपं : बाजारातून आणायचं कमी करत जायचं. शेण, हिरवळीचं खत, बांधावरची झाडं, त्या झाडांवर येऊन अळ्या टिपणारी पाखरं, आणि पावसाचं पाणी वावरातच मुरावं म्हणून उताराला आडवी पेरणी.

कुणी म्हणेल, शेतीच्या पद्धतीचा राहणीशी संबंध काय? यवतमाळात तो थेट आहे. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाणं उधार, खत उधार, औषध उधार, आणि जीवही जोखमीवर. ज्याच्या गरजा दुकानदाराच्या वहीत लिहिलेल्या नाहीत, तो कास्तकार भाव पडल्यावरही रात्री झोपू शकतो.

आणि लग्न

माझ्या मते साधेपणाची खरी परीक्षा आपल्याकडे मांडवात होते. गावातला एक सधन माणूस पोरीचं लग्न लॉनवर लावतो, बँड, घोडा, ड्रोन, सतरा पदार्थ. त्याला ते परवडतं. पण दुसऱ्या वर्षी पाच एकर कोरडवाहूवाल्या शेजाऱ्याच्या पोरीचं लग्न ठरतं, तेव्हा पाव्हणे त्याच मापानं मोजतात. मग सावकार, मग सातबारा. ज्याच्याकडे आहे त्यानं आवरतं घेतलं, की ज्याच्याकडे नाही त्याच्या मानेवरचं ओझं उतरतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत लग्नाच्या उधळपट्टीवर कोरडे ओढले, ते याच कळकळीनं. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं आजही गावोगाव तेच सांगत फिरतात.

आपल्या मातीत याला तयार उत्तर आहे : रोडग्यांची पंगत. कणकेचे थर तूप लावून एकावर एक गुंडाळायचे, गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकून फोडायचा आणि वरून पुन्हा तूप. सोबत वांग्याची भाजी, वरण. पळसाच्या पत्रावळी, बारीक काड्यांनी टाचलेल्या. बसायला जमीन. त्या पंगतीत पन्नास एकरवाला आणि रोजंदारीवाला मांडीला मांडी लावून बसतो. दोघांच्या पत्रावळीवर तेच पडतं, आणि घरी जाताना दोघांच्या हाताला तोच तुपाचा वास असतो. जेवून तृप्त झालेला माणूस सतरा पदार्थांची आठवण काढत नाही.

पण लग्नाच्या साधेपणात डॉ. रवींद्र कोल्हे यांच्यापुढे कुणी जाईल असं वाटत नाही. नागपूरला एमबीबीएस होऊन ते मेळघाटातल्या बैरागडला गेले. फी पहिल्या वेळी दोन रुपये, पुन्हा आलात तर एक रुपया. लग्न करायचं ठरलं तेव्हा मुलीसाठी अटी : चाळीस किलोमीटर चालता आलं पाहिजे, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीनं होईल, घर महिन्याला चारशे रुपयांत चालवावं लागेल, आणि लोकांसाठी भीक मागायची वेळ आली तर मागावी लागेल. कित्येक स्थळं परत गेली. नागपुरात चांगला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. स्मिता यांनी मात्र हो म्हटलं, दवाखाना बंद केला आणि बैरागडला आल्या. २०१९मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

एकदा राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री त्यांच्या घरी आले. घर पाहून त्यांना राहवलं नाही. चांगलं घर बांधून देतो, म्हणाले. स्मिताताईंनी घर नको म्हटलं आणि मेळघाटातल्या गावांसाठी चांगले रस्ते मागितले.